आडनाव नको, करार करा

जून-जुलै महिन्यांत अहिल्यानगरच्या माळीवाडा किंवा तारकपूर बसस्थानकावर सकाळच्या वेळी अर्धा तास उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. जामखेड, कर्जत, पाथर्डी, अकोले अशा पाट्यांच्या गाड्यांतून एखादा बाप उतरतो. एका हातात दोरीने बांधलेली गादी, दुसऱ्या हातात ज्वारीची पिशवी. मागून वह्यांची बॅग घेतलेला मुलगा किंवा मुलगी. महाविद्यालयातला प्रवेश झालेला असतो, वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव लागलेले नसते. मग लाल टाकीपासून सावेडीपर्यंत दारोदार एकच विचारणा सुरू होते : खोली मिळेल का?

दार उघडणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘आडनाव काय?’ दुसरा असतो, ‘डिपॉझिट किती देता?’ करार कोणाच्या नावाने करायचा, हा तिसरा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी सहसा कोणी विचारतच नाही. पुढे वर्षभर जी भांडणे होतात, जे अश्रू गाळले जातात आणि ज्या मुलांचे शिक्षण अर्ध्यावर सुटते, त्यातील बऱ्याच गोष्टींचे मूळ या तीन प्रश्नांच्या क्रमात आहे, असे आम्हांस वाटते.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून जिल्ह्याच्या गावी रोज ये-जा करून शिकणे कोणालाही शक्य नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ, लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची संकुले, संगमनेर-कोपरगावला मोठी महाविद्यालये. शिवाय नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामावर येणारे तरुण. या साऱ्यांना वसतिगृहे पुरत नाहीत आणि पुरणारही नाहीत. त्यामुळे एका खोलीत तिघे-चौघे, ‘कॉट बेसिस’वर, सामाईक स्वयंपाक किंवा मेसचा डबा, ही आज एका मोठ्या पिढीच्या जगण्याची रीत झाली आहे. पूर्वी ‘वार लावून’ जेवणारा विद्यार्थी समाजाच्या ओळखीचा होता. आजचा ‘रूम पार्टनर’ही तितकाच आपला आहे, त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र अजून तयार झालेली नाही.

गेल्या वर्षी एका प्रकरणात मध्यस्थी करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. सावेडी उपनगरातील एका निवृत्त शिक्षकांनी वरच्या मजल्यावरील दोन खोल्या तीन मुलींना दिल्या होत्या. गृहस्थ सज्जन, अनेक वर्षे संघकार्यात असलेले. भाडे महिना सहा हजार, म्हणजे प्रत्येकी दोन हजार. अनामत पंधरा हजार. तीही मुलींनी पाच-पाच हजार अशी वाटून घेतलेली. कागद केला तो मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्याचा, आणि नाव एकाच मुलीच्या वडिलांचे. उरलेल्या दोघी त्या कागदावर कुठेच नव्हत्या.

डिसेंबरात पाथर्डीकडील मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. कागदावर तिच्याच वडिलांचे नाव होते. त्यांनी सगळी अनामत मागितली, कारण करारात ती त्यांची होती. मालक म्हणाले, दोघी राहत आहेत तोवर पैसे परत देता येणार नाहीत. मुली म्हणाल्या, आमचे दहा हजार त्यात आहेत. पुरावा कोणाकडेच नव्हता. रिकाम्या जागी मुलींनी त्यांच्याच वर्गातली एक मैत्रीण आणली. मालकांनी तिचे आडनाव विचारले, ते ऐकून थोडे थांबले आणि म्हणाले, ‘वर देवघर आहे, जमणार नाही.’ त्यामुळे सहा हजारांचे भाडे दोघींवर आले. फेब्रुवारीत अकोले तालुक्यातून आलेली मुलगी सामान बांधून गावी गेली. महिन्याला वाढलेले एक हजार रुपये तिच्या घरी नव्हते.

‘मी कायदा कुठे मोडला?’ हा त्या गृहस्थांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. उत्तर असे की, दोन ठिकाणी. परंतु त्यांच्या मनातील भीती खोटी नव्हती, म्हणून आधी तिच्याविषयी.

मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु गोठवलेली भाडी दशकानुदशके तशीच राहिली. त्यातून सुटका म्हणून लोक घर ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीने देऊ लागले. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे असे परवानाधारक जागेत होते, ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. विश्वासाने घर दिलेल्या हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना आपल्याच घरात जाता येईना. ‘घर भाड्याने दिले की गेले’ ही म्हणण्यासारखी गोष्ट तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या हाडीमांसी खिळली. घरे कुलुपे लावून रिकामी ठेवली गेली, ती याच धास्तीने. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेल्या भाड्याची ती व्यवस्था काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर राज्यातील तीन वेगवेगळे जुने कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या गोष्टीला पाव शतक उलटले. कायदा बदलला, भीती मात्र जुन्याच कायद्याची राहिली! नव्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे निवासासाठी परवान्याने दिलेल्या जागेची मुदत संपली की ती मालकाला परत द्यावीच लागते. न दिल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली, तितक्या दिवसांची ठरल्याच्या दुप्पट दराने भरपाई मागण्याचा त्याला अधिकार आहे. मालकाला याहून भक्कम आधार कोणता हवा? फक्त एक अट आहे. कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा परवान्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे ज्या भीतीपोटी आमचे सज्जन गृहस्थ नोंदणी टाळतात, त्या भीतीला ते स्वतःच दार उघडून देतात. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज देशातील काही भागांत खरा असेल. महाराष्ट्रात या कायद्याखाली तो खरा नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी फी शहरी भागात एक हजार व ग्रामीण भागात पाचशे रुपये. दस्त ऑनलाइन होतो, अंगठ्याचे ठसे घरी येऊन घेतले जातात. एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी रकमेत वर्षाची निश्चिंती मिळत असताना आपण तिला ‘भानगड’ का म्हणतो? घरपट्टी वाढेल, आयकरात दिसेल, ही त्यामागची न बोललेली कारणे आम्हांस ठाऊक आहेत. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, एवढे सांगून तो विषय सोडतो. राष्ट्रभक्तीची व्याख्याने ऐकणाऱ्या घरांत कर चुकवण्याचे समर्थन होऊ नये, याहून अधिक काय लिहावे!

आता भाडेकरूंच्या बाजूने. तिघे राहणार असतील तर तिघांची नावे करारात असावीत, प्रत्येकाने अनामत किती दिली हे आकड्यांत लिहावे, आणि एकाने मध्येच जागा सोडली तर त्याचा वाटा कोण, कधी परत करणार व त्याच्या जागी दुसरा कसा येणार, हे एका कलमात नमूद करावे. ज्याचे नाव करारात नाही त्याचा जागेवर कायद्याने कोणताच हक्क उभा राहत नाही. तो केवळ करारातील व्यक्तीचा पाहुणा. उलट मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे घर खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, कारण परवान्याच्या लेखी करारातील मजकूर कलम २४ खालच्या कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानला जातो. पैसे दिल्याची पावती घ्यावी, किंवा खात्यातून द्यावेत. भाडेकरूचे पाणी व वीज सबळ कारणाशिवाय तोडण्यास कलम २९ ने मालकाला मनाई केली आहे. परवान्याने राहणाऱ्यांनी मात्र ही गोष्ट करारात लिहून घ्यावी हे उत्तम, कारण भाडेकरू आणि परवानाधारक हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे आहेत. मुदत संपली तरी मालकाने परस्पर कुलूप ठोकून सामान रस्त्यावर काढणे हा मार्ग नव्हे. त्यासाठी प्राधिकारी आहेत.

आणखी एक गोष्ट ग्रामीण वाचकांसाठी. हा अधिनियम सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांना तो लागू आहे. औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या गावांत शेताच्या बांधावर पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी करून भाडे घेतले जाते. तिथे राहणाऱ्यांनी आपले गाव त्या यादीत आहे की नाही हे तपासावे. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि करार हाच आधार, म्हणून कागदाचे महत्त्व तिथे अधिकच.

अनामत रकमेला मर्यादा असावी ही मागणी जुनी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सुचवली आहे. परंतु तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच तो बंधनकारक होतो. तोवर ‘केंद्राचा कायदा आहे’ असे सांगून भांडणाऱ्या मुलांची फसगतच होईल. दाद मागायची वेळ आलीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेसाहाय्य मिळते, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे?

येथवर झाले ते करारापुरते. दुसरा कायदाभंग अधिक खोलवरचा आहे.

संघसंस्थापक डॉ. हेडगेवार १९१० साली वैद्यकीय शिक्षणासाठी नागपूरहून कोलकात्याला गेले. परप्रांत, परकी भाषा, खिशात फारसे काही नाही. तेथे ते इतर मराठी विद्यार्थ्यांसमवेत लॉजमध्ये राहिले. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘रूम पार्टनर’ म्हणून राहिले. कोलकात्यातील त्या दिवसांनी त्यांना घडवले, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला माहीत आहे. त्याच दशकात, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. त्या शहरात एकाही हिंदू घराने त्यांना जागा दिली नाही. अखेर ओळख लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले आणि ती ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. संस्थानाची नोकरी सोडून ते मुंबईला परतले. दोघेही बुद्धिमान, दोघेही देशासाठी जळणारे. एकाला खोली मिळाली आणि एकाला मिळाली नाही. फरक होता तो आडनावाचा.

बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला आहे. समरसतेच्या कार्यक्रमात आपण दोघांच्या प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवतो, त्यांना हार घालतो. मग कार्यक्रम संपवून घरी गेल्यावर वरच्या मजल्यावरील खोली पाहायला आलेल्या मुलीला आडनाव विचारतो! बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविषयी जे निःसंदिग्ध प्रतिपादन केले, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. ते भाषण बौद्धिक वर्गांत वाचले जाते. त्याची परीक्षा मात्र घराच्या उंबऱ्यावर होते.

कायदाही याविषयी मुका नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये, कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास अथवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. ‘आम्ही शाकाहारी आहोत’, ‘वर देवघर आहे’ ही कारणे काही घरांत खरीही असतील. खरी असतील तर ती अट म्हणून कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच लावा. आमच्या त्या गृहस्थांच्या घरी आधीच्या मुली माडीवर अंडी उकडत होत्या, हे त्यांनीच आम्हांला हसत सांगितले होते.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. भाडेकरूचे ओळखपत्र पाहणे, छायाचित्र घेणे, पोलीस ठाण्याला माहिती देणे हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे आणि भाडेकरूने त्यात अपमान मानू नये. परंतु आडनाव ओळखीचे निघाले म्हणून आधार कार्डही न पाहता खोली देणारे मालक आम्ही पाहिले आहेत. ही दक्षता नव्हे, हा आळस आहे. देशविघातक माणसाला ओळखीचे आडनाव धारण करायला कितीसा वेळ लागतो?

मुलांनीही काही ऐकावे. रात्री दोनपर्यंत गाण्यांचा धिंगाणा, जिन्यात कचरा, पाण्याची मोटर चालू ठेवून बाहेर जाणे, तीन महिन्यांचे भाडे थकवून एके दिवशी गादीसह पसार होणे, हेही घडते. आणि त्याची शिक्षा पुढच्या वर्षी येणाऱ्या निरपराध मुलाला होते. एका खोलीत चौघांनी राहायचे म्हणजे कोणी केर काढायचा, सिलिंडर कोण आणणार, परीक्षेच्या काळात दिवा किती वाजता मालवायचा, हे आधी ठरवावे लागते. शिबिरात, कार्यालयात राहिलेल्या स्वयंसेवकाला हे सांगावे लागत नाही. ताट स्वतः धुण्याची सवय ज्याला आहे, त्याच्याशी कोणाचेही पटते.

ऑक्टोबर २०२४ पासून या जिल्ह्याने अहिल्यादेवींचे नाव अधिकृतपणे धारण केले आहे. चौंडीत जन्मलेल्या या राज्यकर्तीने काशी, गया, सोमनाथ अशा तीर्थक्षेत्रांत मंदिरे व घाट बांधले, तशा वाटसरूंसाठी देशभर धर्मशाळाही उभारल्या. याच जिल्ह्यातील नेवाशाने, संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या ज्ञानेश्वरांना व त्यांच्या भावंडांना आसरा दिला आणि तिथे पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी आपली श्रद्धा आहे. नामांतराचा आनंद आपण साजरा केला, तो योग्यच होता. बाहेरगावच्या पोराला छप्पर देण्याचा हा वारसाही त्या नावाबरोबर आला आहे.

म्हणून जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे एक अगदी साधे काम ठेवावेसे वाटते. प्रत्येक नगरातील, उपनगरातील आपल्या परिचयाच्या घरमालकांची यादी प्रवेशाच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच करावी. नोंदणीकृत करार करणारी, सर्व राहणाऱ्यांची नावे त्यात घालणारी आणि जात न विचारणारी घरे त्या यादीत घ्यावीत. वकिली करणाऱ्या स्वयंसेवकांनी एक सोपा मराठी मसुदा तयार करून द्यावा. विद्यार्थी परिषदेच्या मुलांनी बसस्थानकावर एक टेबल मांडून ती यादी गादी घेऊन उतरणाऱ्या बापाच्या हाती द्यावी. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही.

पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून आलेल्या होतकरू मुलांची राहण्या-जेवणाची अडचण पाहून. पुढे तिच्या इमारती झाल्या. आरंभी होती ती फक्त मुलांविषयीची कणव.

आमच्या त्या मध्यस्थीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अनामत रकमेचा हिशेब तिन्ही मुलींना समोर बसवून मिटला. बोलता बोलता असे कळले की अकोल्याची मुलगी अनुसूचित जमातीची होती. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी खात्यात रक्कम देणारी राज्य शासनाची योजना २०१६ पासून आहे. तिचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. तिने अर्ज करायचे ठरवले होते. भाड्याने राहत असल्याचा तिच्या नावाचा कागद मात्र तिच्यापाशी नव्हता, आणि तो मागण्याचा धीर तिला झाला नाही. त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात दीनदयाळजींची तसबीर आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या जूनमध्ये त्यांचा दूरध्वनी आला. करार नोंदवून झाला होता, तिघींचीही नावे आणि प्रत्येकीची अनामत त्यात लिहिली होती. डिसेंबरात नाकारलेली मुलगी त्यांत आहे. अकोल्याच्या मुलीलाही त्यांनी निरोप धाडला होता. तिचे वडील म्हणाले, आता तिचे लग्न ठरले आहे.